परवाना

खटकचिंचोळीतल्या एका जुन्या घरात, माजघरातल्या लोखंडी पेटीत त्याचा मुक्काम असतो. जमिनीची पहाणी, घराचे जुने कागद, म्हातारीचं रेशनकार्ड यांच्या सोबतीनं तो मेणकापडात गुंडाळलेला असतो. गाव त्याला लायसन म्हणतं. अंगानं किरकोळ, पुठ्ठ्याच्या बांधणीचा, कडा झिजून मऊ झालेल्या. पहिल्या पानावर घरमालकाचा तरुणपणीचा फोटो आणि त्या फोटोच्या गालावर अर्धा चढलेला बीदरच्या कचेरीचा गोल शिक्का. बंदूक शेजारच्या खोलीत कुलपात. घरातली पोरं तिला हात लावायला टपलेली असतात, पाहुणे तिची चौकशी करतात. ह्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. पण दोघांत वडील कोण, हे घरातल्या म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक आहे. नातू बीदरला निघाला की दारातून त्याचा आवाज येतो, "बाकी काय बी विसर बाबा, लायसन विसरू नको."

मला हा कागद नेहमीच एखाद्या माणसासारखा वाटत आला आहे. कमी बोलणारा, पण बोलला की नेमकं विचारणारा. तू कोण, बापाचं नाव काय, राहतोस कुठं? हत्यार कोणतं, त्याचा नंबर काय? एका वेळी काडतुसं किती ठेवणार, वर्षाला किती घेणार? कुठल्या हद्दीत बाळगणार, एका जिल्ह्यात, एका राज्यात की देशभर? आणि कशासाठी? एवढं विचारून तो थांबत नाही. ठराविक वर्षांनी हेच सगळं पुन्हा विचारतो. पूर्वी ही फेरी तीन वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच हत्यारं, अशी मर्यादाही घातली. मागच्या पानांवर नूतनीकरणाचे शिक्के ओळीनं बसलेले आहेत. आधीचे मैसूर राज्याचे, १९७३ नंतरचे कर्नाटकाचे. मजकूर इंग्रजी-कन्नडात, धनी मराठी बोलणारा, आणि त्याच्या वडिलांच्या काळातले कागद उर्दूत. आमच्या बीदर जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. आमची सगळ्यांचीच घरं अशी तीन लिप्यांत लिहिलेली आहेत.

ज्या बंदुकीची तो राखण करतो ती दुनळी आहे, बारा बोअरची, बर्मिंगहॅमची. नळीच्या बुडाशी तिथल्या चाचणीघराचा बारीक ठसा आहे. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी जादा दारू भरून नळी तपासायची आणि टिकली तर ठसा मारायचा, ही तिकडची १८१३ पासूनची रीत. म्हणजे समुद्र ओलांडण्याआधीच तिची एक परीक्षा झालेली होती. आता तशी बंदूक साध्या शेतकऱ्याला बाहेरून आणता येत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. नामवंत नेमबाजांना खेळापुरती मुभा मिळते, बाकीच्यांनी इथल्याच कारखान्यांचा माल घ्यायचा. म्हणून जुन्या विलायती बंदुकीला घरात दागिन्याचा मान. आणि तो मान खरा ठरतो तोही ह्याच कागदामुळं, कारण कागद नसेल तर त्याच बंदुकीपायी घरातला कर्ता माणूस तुरुंगात जातो.

शेतकऱ्यावर मात्र ह्याची माया आहे, हे मी आवर्जून सांगेन. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या १३ व्या कलमात परवाना केव्हा द्यायचाच, हे लिहिलेलं आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक हवी असेल, किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची साधी बंदूक हवी असेल, तर एरवी काही अडचण नसताना अधिकाऱ्यानं परवाना द्यावा, असं कायदा म्हणतो. पिस्तूल-रायफलीच्या वेळी तो हात आखडता घेतो, तिथं चांगलं कारण मागतो. हा फरक कुणीतरी विचार करून केलेला आहे. आमच्याकडं तूर कमरेला लागली, ऊस माजला की रानडुकरं शिरतात आणि एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवतात. त्या रात्री बांधावर बसलेल्या माणसाला नुसत्या आवाजाचा आधारही पुरतो. काळविटांचे कळप मात्र हरभऱ्यात उतरले तरी बंदूक खाली ठेवावी लागते, कारण त्यांच्या बाजूनं दुसरा कायदा उभा आहे. कुठं बार काढायचा आणि कुठं नाही, हे आमच्या माणसांना कळतं.

निवडणूक लागली की बंदूक पोत्यात घालून ठाण्यावर जाते. आचारसंहिता आली की जिल्ह्यातल्या बंदुका जमा करायचे हुकूम निघतात. पंचायत, विधानसभा, लोकसभा असं करत बंदुकीची ही वारी चालूच असते. ठाण्यात नंबर वहीत चढतो, नंबराची चिठ्ठी बंदुकीला बांधतात, पावती हातात मिळते. बंदूक गेली तरी परवाना घरीच राहतो, आणि त्याच्या घडीत ती पावती. मतमोजणी उरकली की पावती दाखवून बंदूक घरी आणायची. या येण्याजाण्याचा कंटाळा करणारे लोक आहेत. मला मात्र त्यात गावाची शहाणीव दिसते. भांडणाच्या दिवसांत हत्यार चावडीपाशी असावं आणि घरी फक्त कागद असावा, ही गोष्ट एवढ्या मोठ्या देशानं पाळून दाखवली आहे.

त्याचा एक गुण मला सगळ्यात थोर वाटतो. परवाना माणसाबरोबर संपतो. धनी गेला की त्या दिवसापासून कागद निर्जीव होतो, आणि बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करावी लागते. मुलाला हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा, पुन्हा सगळी उत्तरं द्यायची. शेती वारसानं येते, घर वारसानं येतं, पण हत्यार बाळगायचा अधिकार वारसानं आपोआप येत नाही. बंदूक शंभर वर्षं टिकते. हातात घेणारा माणूस तेवढा टिकत नाही आणि त्याच्यानंतर येणारा तसाच असेल याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक नव्या हाताला नव्यानं विचारायचं. पुढं जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

त्याचा जन्म मात्र चांगल्या घरात झालेला नाही, तेही सांगितलं पाहिजे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी देशव्यापी शस्त्र कायदा केला, तो ५७ च्या बंडाची धास्ती मनात धरून. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला सूट. त्या काळी हा कागद प्रश्न विचारायचा तो राज्य राखण्यासाठी, लोक राखण्यासाठी नव्हे. त्या अपमानाची आठवण इतकी खोल होती, की १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही त्यात लिहिला. स्वातंत्र्यानंतर कायदा नव्यानं झाला. कागद तोच राहिला, पण गोऱ्या-काळ्याचा भेद गेला. परवाना स्वतः भला किंवा बुरा नसतो. तो कुणाच्या वतीनं विचारतो आणि त्याला स्वतःला कोण विचारू शकतं, यावर त्याचं शील ठरतं.

पेटीतल्या या कागदाचं थोरलं भावंड दिल्लीत राहतं. हत्यार देशात आणण्याचा किंवा देशाबाहेर नेण्याचा परवाना. त्याच १९५९ च्या कायद्याचं १० वं कलम त्याचं घर: जमिनीवरून, समुद्रातून की आकाशातून, कुठल्याही वाटेनं हत्यार किंवा दारूगोळा आत-बाहेर करायचा तर परवाना पाहिजे. त्यापुढच्या कलमात केंद्र सरकारला अशी ने-आण सरसकट बंद करण्याचाही अधिकार आहे. प्रश्न तेच, फक्त नगांच्या जागी खोकी आणि गावाच्या जागी देश. कोण विकतो, कोण घेतो, किती, कशासाठी, आणि शेवटी ते कुणाच्या हातात राहणार? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी घेणाऱ्या सरकारचा वेगळा दाखला लागतो. अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र म्हणतात त्याला. हे हत्यार आमच्याच कामासाठी आहे, आम्ही ते परस्पर तिसऱ्याला देणार नाही, असं वचन. सगळ्या जगाचा शस्त्रांचा व्यापार या एका वचनाच्या कागदावर टेकलेला आहे.

हा थोरला कागद नसला की काय होतं, ते आमच्या बीदरनं पाहिलेलं आहे.

१९४८ चा पावसाळा. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालेलं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला होता, पण दोन्हीकडून तो मोडल्याच्या तक्रारी चालू होत्या. संस्थानाला समुद्र नव्हता, चारी बाजूंनी भारत. इंग्रज असताना निजामाच्या फौजेला हत्यारं हिंदुस्थान सरकारच्या हातून मिळत. ती वाट बंद झाली. तेव्हा सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढं आला. हा साधासुधा माणूस नव्हता. विमानातून शत्रूच्या मुलखाचे फोटो काढण्याच्या विद्येतला तो एक आद्य पुरुष, वैमानिकांसाठी ऊबदार पोशाख शोधून काढणारा. त्यानं लँकास्ट्रियन विमानं मिळवली. महायुद्धातल्या लँकास्टर बॉम्बफेकी विमानाचीच ती वाहतुकीची भावंडं, चार इंजिनांची. कराचीहून निघायचं, रात्रीच्या अंधारात भारताच्या हद्दीवरून तेराशे किलोमीटरच्या आसपास उडायचं आणि बीदर नाहीतर वरंगळच्या धावपट्टीवर खोकी उतरवून परतायचं.

त्या खोक्यांबरोबर ज्या देशावरून ती उडत आली त्या देशाचा कुठलाही कागद नव्हता. लंडनच्या न्यायालयानं कॉटनला नंतर दोनशे पौंडांचा दंड केला. दोनशे पौंड! राज्याच्या आणि माणसांच्या जिवाशी केलेल्या या व्यवहाराची कायद्याच्या वहीतली किंमत एवढीच.

आता बीदर जिल्ह्याकडं बघा. त्याच साली मे महिन्यात बसवकल्याण भागातल्या गोर्टा गावात निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांनी माणसं मारली. स्थानिक इतिहास मृतांचा आकडा दोनशेच्या आसपास सांगतो. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करणारा, म्हणजे आमच्या शेजारचाच. त्याच्या लोकांच्या हातात रायफली थोड्या, भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका जास्त. गोर्ट्याचा घाव मे महिन्यातला आणि कॉटनची विमानं त्यानंतरची, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर मी फोडणार नाही. पण ज्या राज्यात रझाकारांच्या हातातल्या हत्यारांचा जाब कुणी विचारत नव्हतं, त्याच राज्यात रात्रीच्या विमानांतून आणखी हत्यारं उतरत होती. दुसऱ्या बाजूनंही हत्यारं येत होती. स्टेट काँग्रेसच्या छावण्या सरहद्दीच्या पलीकडं भारतीय हद्दीत उभ्या होत्या, आणि तिथून आमची तरुण मुलं बंदुका घेऊन संस्थानात शिरत होती. त्यांची बाजू न्यायाची होती, असं मी मानतो. पण त्याही हत्यारांची मोजदाद कुठं नव्हती.

१३ सप्टेंबरला फौजा निघाल्या. सोलापूरकडून नळदुर्ग, राजेश्वर, हुमनाबाद, जहीराबाद, हा आमच्या गावाच्या दक्षिणेचा हमरस्ता. बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्या विमानदलाच्या लक्ष्यांत होत्याच. १७ तारखेच्या पहाटे भारतीय सैन्य बीदरमध्ये शिरलं, त्याच दिवशी निजामानं हार मानली. आमच्या भागात मुक्तीचा दिवस म्हणून तो पाळला जातो आणि पाळलाच पाहिजे.

पण नंतरच्या आठवड्यांची गोष्ट आम्ही घरांत दबक्या आवाजात सांगतो, ती इथं मोठ्यानं सांगितली पाहिजे. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अंदाजानं कारवाईच्या वेळी आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे त्यांनी नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. मेलेले बहुतेक मुसलमान, आणि बहुतेकांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. याच अहवालात अशीही नोंद आहे की फौजेनं मुसलमानांची हत्यारं काढून घेतली आणि हिंदूंची पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडंच राहिली. अहवाल २०१३ पर्यंत लोकांपुढं आला नाही. मला विचाराल तर परवान्याची सगळी कहाणी हत्यारांच्या त्या एका नोंदीत आहे. शेजारी राहणाऱ्या दोन घरांपैकी एकाला विचारलं आणि दुसऱ्याला विचारलं नाही. आमच्याच गावाच्या पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना मामा, चाचा म्हणणारी माणसं होती ती. गोर्ट्याची मढी आणि नंतरच्या विहिरींतली मढी यांच्यात ज्याला फरक करता येतो, त्यानं हा मुलूख ओळखलेला नाही.

कुणी म्हणेल, बीदरला उतरणाऱ्या खोक्यांसोबत कागद असता तर तरी काय झालं असतं? दाखल्यावर शिक्का निजामाचाच पडला असता. हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. जो राजा आपल्या प्रजेला जबाबदार नाही, त्याचा दाखला म्हणजे त्याचीच सही त्याच्याच कामावर. मग कागद तेव्हाच माणूस होतो, जेव्हा त्याच्यावरचं उत्तर ज्याच्या जिवावर बेतणार त्यालाही वाचता येतं.

कागद असून खोटा असला की काय होतं, तेही या देशानं पाहिलं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या खेड्यांवर एका अँटोनोव्ह विमानातून शेकडो रायफली आणि लाखो काडतुसं छत्रीनं खाली सोडली गेली. माल बल्गेरियातून उचललेला, वाटेत कराचीचा थांबा, आणि सोबत बांगलादेशच्या नावाचं बनावट अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र. काही दिवसांनी तेच विमान मुंबईत उतरवायला भाग पाडलं, आत विमानाचे लोक आणि पीटर ब्लीच नावाचा ब्रिटिश शस्त्रदलाल सापडले. मुख्य सूत्रधार किम डेव्ही विमानतळावरून निसटला. त्याला सोपवायला डेन्मार्कच्या न्यायालयानं २०२४ मध्येही नकार दिला. बंगालच्या शेतकऱ्यांना सकाळी रानात रायफली सापडल्या. विकणाऱ्या देशानं त्या प्रमाणपत्राबद्दल एक फोन ढाक्याला लावला असता तर पुरुलिया घडलं नसतं.

आणि खरा कागद म्हणजे काय, तेही बीदरच्याच धावपट्टीवर पाहायला मिळतं. आज ते भारतीय विमानदलाचं ठाणं आहे. २००४ साली ब्रिटनशी ६६ हॉक प्रशिक्षण विमानांचा करार झाला. २४ तयार यायची, ४२ बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बांधायची. २३ फेब्रुवारी २००८ ला बीदरमध्येच संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते ती दलात दाखल झाली. त्यामागं ब्रिटनचा निर्यात परवाना होता, दोन्ही देशांची सही होती, संसदेत प्रश्न विचारता येत होते. १९४८ साली जिथं रात्रीच्या अंधारात विमानं उतरायची, तिथं आता भर दुपारी आमच्या डोक्यावरून पोरं शिकाऊ उड्डाणं करतात. ज्वारी काढणारी बाई क्षणभर वर बघते आणि पुन्हा विळा चालवते. तिला भीती वाटत नाही.

आता पारडं फिरलं आहे. आपण घेणारे होतो, आता विकणारेही झालो. २०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२३-२४ मध्ये ती २१,०८३ कोटी आणि २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. त्या शेवटच्या वर्षात निर्यातीच्या १,७६२ मंजुऱ्या दिल्या गेल्या. दारूगोळ्याच्या कामात महाराष्ट्र पहिल्या रांगेत आहे. खडकीचा कारखाना १८६९ सालचा, मग अंबाझरी, भंडारा, चांदा, वरणगाव. २०२१ मध्ये सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, त्यातली दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे. स्फोटकांच्या आयात-निर्यातीचा परवाना देणारी केंद्रीय संस्था नागपुरात. लष्करी मालाची एक स्वतंत्र यादी आहे आणि तिच्या निर्यातीला संरक्षण उत्पादन विभाग मंजुरी देतो. २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेत सामील झाला, म्हणजे अशा मालावर नजर ठेवणाऱ्या देशांच्या पंगतीत बसला. भालकी-बसवकल्याणची कितीतरी मुलं पुण्याच्या कारखान्यांत आहेत. त्यांच्या हाताला काम मिळतं याचा मला आनंद आहे, आणि स्वतःचं हत्यार स्वतः बनवणारा देश कुणाच्या दारात हात पसरत नाही, हेही मला कळतं.

पण त्याच कारणानं मला त्या थोरल्या कागदाची काळजी वाटते. २०२४ च्या सप्टेंबरात बातमी आली की भारतात बनलेले तोफगोळे युरोपातल्या खरेदीदारांनी पुढं युक्रेनला दिले. सरकारनं ती बातमी दिशाभूल करणारी म्हणून फेटाळली. त्याच महिन्यात इस्रायलला शस्त्रं पाठवू नयेत म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली, परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत आहे म्हणून. ते न्यायालयाचं काम नसेल, मी मान्य करतो. मग ते कुणाचं? संसदेचं आहे. आणि संसदेत कोणत्या देशाला काय विकलं हे विचारलं की बहुधा उत्तर येतं, सामरिक कारणांमुळं तपशील देता येत नाही. एकूण रक्कम कळते, मंजुऱ्यांचा आकडा कळतो. घेणाऱ्याचं नाव आणि मालाचा प्रकार फाइलीत राहतो. ब्रिटन मात्र दर तिमाहीला कोणत्या देशासाठी कोणत्या प्रकारच्या मालाचे किती परवाने दिले आणि किती नाकारले, हे छापून काढतं. त्यांच्या व्यवहारात पापं नाहीत असं नाही. पण ती पापं शोधायची तर तिथल्या माणसाला कागद सापडतो.

२०१३ साली संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार मतदानाला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. विकणाऱ्यांना झुकतं माप आणि घेणाऱ्यांवर बंधनं, असं आपलं म्हणणं होतं. तेव्हा आपण घेणाऱ्यांच्या रांगेत होतो आणि ते म्हणणं पटण्यासारखं होतं. आज आपण विकणाऱ्यांच्या रांगेत उभे आहोत. त्या दिवशीची आपली भीती आज दुसऱ्या कुणाला आपल्याविषयी वाटत असेल. खडकीतला किंवा भंडाऱ्यातला गोळा ज्या गावावर पडेल, त्या गावालाही एक नाव असणार आणि तिथं कुणाची तरी तूर, कुणाची तरी ज्वारी उभी असणार.

म्हणून संसदेत बसणाऱ्या सगळ्याच पक्षांच्या सदस्यांना, आणि बीदरचं प्रतिनिधित्व करणाऱ्यांना तर आधी, माझं सांगणं आहे. खटकचिंचोळीतल्या शेतकऱ्याच्या एका दुनळीचा नंबर, तिची काडतुसं, तिचं कारण, सगळं ठाण्याच्या वहीत आहे, आणि तो शेतकरी विनातक्रार दर वेळी ते सांगतो. देशाच्या १,७६२ मंजुऱ्यांचाही असाच हिशोब वर्षातून एकदा सभागृहाच्या पटलावर ठेवा. कोणत्या देशाला, कोणत्या प्रकारचा माल, अंतिम वापराची तपासणी झाली की नाही, आणि किती अर्ज नाकारले. गुप्त ठेवायचं ते तेवढंच झाका, बाकीचं उघडं करा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आजचे कायदे आणि नियम पुरे आहेत.